कानामागे टाकलेली चाचणी

मराठीत सर्वांत जास्त छापलं जाणारं आणि सर्वांत कमी वाचलं जाणारं गद्य कोणतं, असा प्रश्न एखाद्या साहित्य संमेलनात निघाला, तर मांडवात तीन-चार नावं दबक्या आवाजात घेतली जातील. ती सगळी चूक. ते गद्य केस काळे करायच्या डायच्या पुडीत बारीक घडी घालून ठेवलेलं असतं. त्याची शैली कोरडी, टाइप मुंगीलाही चष्मा लागावा इतका बारीक, लेखकाचं नाव नाही आणि त्यामुळे मानधनाचा वादही नाही. ते इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही हवं, असा सरकारी नियम मात्र आहे.

नियमात मजकुराचा नमुनासुद्धा दिलेला आहे. पॅरा-फेनिलिनडायअमीन, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडचं पीपीडी, असलेला डाय वापरण्याआधी कानामागची किंवा हाताच्या आतल्या बाजूची थोडी जागा साबणाने स्वच्छ करा. कालवलेला डाय तिथे किंचित लावा, वाळू द्या. चोवीस तासांनी हलक्या हाताने धुऊन बघा. लाली, खाज, सूज काही नसेल तर पुढचं काम करा. आजकालच्या बऱ्याच पुड्यांवर चोवीसचे अठ्ठेचाळीस तास झाले आहेत. इथपर्यंत कुणाची हरकत नसावी. पण नमुन्यात पुढे एक वाक्य येतं आणि तिथे माणसाचा संयम संपतो: ही चाचणी दर वेळी, प्रत्येक वापराआधी करावी.

हा मजकूर लिहिणाऱ्याला रसायनशास्त्र कळत होतं. डाय लावणारा माणूस कळत नव्हता. कारण डाय लावायचं ठरतंच मुळी आदल्या रात्री. साखरपुडा उद्या सकाळी सव्वादहाला असतो. रात्री साडेनवाला आरशावरून जाता जाता वरपित्याला स्वतःचे कल्ले दिसतात आणि घरात धावपळ सुरू होते. ठेवणीतली फाटकी बनियन निघते. जुना टूथब्रश निघतो. कान तुटलेल्या कपात पावडर कालवली जाते. खाली कालचं वर्तमानपत्र अंथरलं जातं आणि "अहो, हलू नका" या पार्श्वसंगीतावर कार्यक्रम पार पडतो. त्या घडीच्या पत्रकाचाही उपयोग होतो. कानाच्या पाळीला लागलेला डाय पुसायला तेच हाताशी असतं. सूचनेचा आणि कानाचा संबंध येतो तो एवढाच.

पुडीचं अर्थशास्त्रही चाचणीच्या विरोधात आहे. एका वेळेपुरती पुडी, कालवली की लगेच वापरायची, उरलेलं फेकायचं. म्हणजे चाचणीसाठी एक पुडी फोडा, त्यातला मोहरीएवढा ठिपका कानामागे लावा आणि बाकीची मोरीत ओता. दोन दिवसांनी दुसरी पुडी फोडा. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या कुठल्याही बाईला हा हिशेब पटवून दाखवावा.

बरं, आपल्याला पारखून घ्यायची सवय नाही म्हणावं, तर तसंही नाही. माठ घेताना बोटाने वाजवून त्याचा आवाज ऐकला जातो. हापूसच्या पेटीतला आंबा देठाशी नाक लावून हुंगला जातो. भेंडीचं टोक मोडून बघितलं जातं, गहू दाताखाली धरला जातो, मुलीसाठी स्थळ आलं तर तीन जिल्ह्यांतून चौकशी होते. एवढं सगळं पारखणारा माणूस तोंडाला लावायच्या वस्तूपाशी आला की एकदम श्रद्धाळू होतो. "काही होत नाही," असं म्हणतो आणि थापतो. वैद्यकशास्त्राने केलं आहे ते इतकंच, की "काही होत नाही" हे विधान दोन दिवस तपासायला ठेवलं. त्याला पॅच टेस्ट म्हणतात.

एक चाचणी दुकानात मात्र हौसेने होते. लिपस्टिक मनगटाच्या मागे ओढून बघायची. चार छटांचे चार पट्टे ओढले जातात, मैत्रिणीला दाखवले जातात आणि रंग पसंत पडतो. ही परीक्षा रंगाची झाली. ओठाची कातडी मनगटाच्या मागे राहत नाही, आणि ॲलर्जी उमटायला लागणारे दोन दिवस काउंटरवर कुणी उभं राहत नाही. क्रीमचंही तेच. हाताला लावायचं, हुंगायचं आणि "चिकट नाहीये गं" असा निकाल द्यायचा.

साखरपुड्याच्या घरी परत येऊ. कार्यक्रम झाला, जेवणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी वरपित्याला जाग आली तीच अर्ध्या डोळ्यांनी. पापण्या सुजून डोळ्यांच्या फटी उरल्या आहेत, कान लाल आहेत, कपाळाच्या केसांच्या रेषेवर पुरळ आहे. डाय लावला होता डोक्याला. पण टाळूची कातडी जाड आणि पापणीची पातळ, त्यामुळे कित्येकदा डोकं वरवर शाबूत राहतं आणि तक्रार चेहऱ्यावर उमटते. मग घरात निदान सुरू होतं. मावशी म्हणतात पित्त उठलं. आत्याला कालच्या वांग्याच्या भाजीचा संशय आहे. काकूंना दृष्टीचा. व्याही मंडळींच्या श्रीखंडाचं नाव मोठ्याने घेता येत नाही, म्हणून ते हळू आवाजात घेतलं जातं. डायचं नाव कुणी काढलंच, तर वरपिता सुजलेल्या डोळ्यांनी ठणकावतो, "वीस वर्षं हाच लावतोय मी!"

त्वचारोगतज्ज्ञांना हे वाक्य पाठ असतं. ते आरोपीच्या बचावाचं नाही, हे त्यांना माहीत असतं म्हणून ते ऐकून घेतात. कारण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली गोष्ट दाह. तिखट रसायन कातडीला लागलं की आग होते, झोंबतं, आणि मात्रा पुरेशी असली की ते कुणालाही होऊ शकतं. पार्लरमधल्या ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया असतो. ते ब्लीच तोंडावर चढवून झाल्यावर "झोंबतंय का ताई? म्हणजे काम करतंय," असा दिलासा ज्याबद्दल दिला जातो, तो हाच दाह. दुसरी गोष्ट ॲलर्जी. तिला आधीची ओळख लागते. पहिल्यांदा रसायन कातडीतून आत गेलं की शरीरातल्या टी-पेशी त्याची मुकाट्याने नोंद घेतात, बाहेर काही दिसत नाही. लग्नात मानपान राहिलेल्या आतेभावासारख्या त्या गप्प असतात आणि पुढच्या कुठल्यातरी कार्यात सगळं वसूल करतात. ही नोंद पहिल्या वापराला होईल किंवा विसाव्या वर्षी होईल. एकदा झाली की पुढच्या वेळी एक ते तीन दिवसांत पुरळ हजर. म्हणून तर चाचणी दर वेळी करायची, आणि म्हणून निकालासाठी दोन दिवस थांबायचं. पाच मिनिटं कानामागे लावून "बघ, काही नाही झालं" म्हणणाऱ्याने तपासलेला असतो तो फार तर दाह.

कातडीवर मुद्दाम काहीतरी लावून बघण्याच्या प्रकाराचा इतिहास आपल्या कोकणाच्या जवळून जातो, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. १८४७ मध्ये श्टेडेलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काजूच्या टरफलातलं तेल माणसाच्या छातीवर सेंटिमीटरभर जागेत लावलं, वर त्याच तेलात बुडवलेला टीपकागद चिकटवला आणि काय होतं ते लिहून ठेवलं. आग झाली, कातडी पांढरी पडली, भोवती लाल कडं उमटलं. ओले काजूगर सोलणाऱ्या सिंधुदुर्गातल्या कुठल्याही आजीने हा निष्कर्ष टीपकागदाशिवाय सांगितला असता. पुढे १८९५ मध्ये ब्रेस्लाऊच्या योझेफ याडासोन यांनी ग्राझच्या परिषदेत या प्रकाराला रीतसर तपासणीचं रूप दिलं. पाऱ्याच्या मलमपट्टीने ज्यांना पुरळ येतं, त्यांच्या चांगल्या कातडीवर तीच पट्टी पुन्हा लावून त्यांनी दाखवून दिलं, की दोष त्या माणसाच्या आणि त्या पदार्थाच्या जोडीत आहे.

काजूचा चुलतभाऊ बिब्बा. त्यानेही या शास्त्रात स्वतःचं पान मिळवलं आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर एकाएकी चट्टे उठू लागले. शत्रूचा नवा वायू वगैरे काही नव्हतं. धोब्याने कपडे ओळखू यावेत म्हणून कॉलरवर आणि कमरपट्ट्यावर बिब्ब्याच्या रसाने खूण केली होती आणि जिथे खूण तिथे बिब्बा उतला होता. १९४३ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेख आला. 'शंभर टक्के नैसर्गिक, रसायनविरहित' असं ज्या डब्यांवर हिरव्या पानासकट छापलेलं असतं, ते डबे विकत घेताना बिब्ब्याची आठवण ठेवायला हरकत नाही. तोही झाडालाच लागतो.

पुडीतलं ते अनाथ गद्य कुठून आलं, याचीही कथा आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्या आणि भुवया रंगवायचा डाय निघाला. त्यात पीपीडी वर्गातलं रसायन होतं. काही स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, दृष्टी गेली, एक मृत्यूही झाला. आणि त्या वेळच्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा उल्लेखच नसल्यामुळे सरकारला काही करता येईना. मग १९३३ मध्ये तिथल्या औषध खात्याने अशा वस्तूंचं एक प्रदर्शनच भरवलं. पत्रकारांनी त्याला भयदालन असं नाव दिलं. १९३८ मध्ये नवा कायदा झाला, पण त्यातही डांबरापासून बनणाऱ्या केसांच्या डायना एक सवलत मिळाली. डब्यावर इशारा छापा, घरी करायच्या चाचणीची कृती द्या, आणि विका. त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी घ्यावी, पापण्या-भुवयांना लावू नये, लावल्यास अंधत्व येऊ शकतं, असा तो इशारा. भारतीय नियमातला इशारा त्याच्याशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळतो. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये झालेल्या तडजोडीचं पीक आज सांगलीच्या वाण्याकडे टांगलेल्या पुड्यांच्या माळेत निघतं. आणि कलप म्हणून तोच डाय सलूनमध्ये मिशीपाठोपाठ भुवयांवरूनही फिरवला जातो, तेव्हा गिऱ्हाईक निवांत डोळे मिटून बसलेलं असतं.

घरच्या चाचणीत भागलं नाही आणि पुरळ पुन्हा पुन्हा येत राहिलं, की पाठ दवाखान्यात न्यावी लागते. तिथली पॅच टेस्ट हा शांतपणे सोसायचा सोहळा आहे. ८ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या वाट्यांमध्ये संशयित पदार्थ, बहुतेक व्हॅसलिनमध्ये कालवून, थेंबभर भरतात आणि त्यांच्या रांगा पाठीवर चिकटवतात. बाजूला पेनाने खुणा करतात. सोमवारी पट्ट्या चिकटवल्या तर बुधवारी काढून पहिलं वाचन आणि शुक्रवारी दुसरं. मधल्या काळात पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, खाजवायचं नाही. मे महिन्यात, रत्नागिरीत किंवा डोंबिवलीच्या लोकलमध्ये, ही तिन्ही कलमं पाळणारा माणूस थेट तपस्व्यांच्या यादीत जायला हवा. घरातली मंडळी तेवढ्यात मोबाइलवर पाठीचा फोटो काढतात आणि तो कुटुंबाच्या ग्रुपवर जातो. "सात नंबर लाल दिसतोय," असं नागपूरहून कुणीतरी कळवतं. खरं वाचन डॉक्टरांचं. निकाल अधिकच्या चिन्हात मिळतो. शंकास्पद असेल तर प्रश्नचिन्ह, सौम्य असेल तर एक अधिक, फोड आले तर तीन. आयुष्यात प्रथमच एखाद्याला 'ए प्लस प्लस'च्या जवळ जाणारं काहीतरी मिळतं आणि ते पाठीवर असल्यामुळे बघता येत नाही.

भारतातल्या दवाखान्यांत वापरायचा पदार्थांचा एक ठरलेला संच आहे. त्यात सुगंधी द्रव्यांचं मिश्रण आहे, खोट्या दागिन्यांतलं निकेल आहे, सिमेंट आणि चामड्यातलं पोटॅशियम डायक्रोमेट आहे, पीपीडी तर आहेच. आणि या मानाच्या पंक्तीत एक आसन गाजरगवताला आहे. हे उपरं गवत भारतात १९५६ मध्ये नोंदवलं गेलं ते पुण्यात. त्याने होणाऱ्या त्वचारोगावर पुण्याचे डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन या परदेशी तज्ज्ञांबरोबर १९७४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर वर्षभरातच मिचेल यांनी दुसरी एक गोष्ट मांडली. एखाद्या वाटीखाली जोरदार प्रतिक्रिया आली, की कधी कधी सगळी पाठच बिथरते आणि निर्दोष पदार्थांनाही लाल शेरे देत सुटते. या अवस्थेला त्यांनी 'रागावलेली पाठ' असं नाव दिलं. पुण्याच्या गवताचा अभ्यास झाल्यावर लगेच त्यांना राग हा विषय सुचला, हा निव्वळ योगायोग मानावा.

पाठ शांत असेल तर मात्र या तपासणीतून पोलिसी कथांना लाजवतील असे उलगडे होतात. पापण्यांना सतत खाज येते म्हणून काजळ बदललं, साबण बदलला, चष्म्याची फ्रेम बदलली, आणि गुन्हेगार निघाला नेलपॉलिश. बोटांना काही होत नाही, कारण नखाची ढाल असते. पण ओलसर नेलपॉलिशची बोटं दिवसभर डोळ्यांना आणि मानेला लागतात, आणि पुरळ तिथे उठतं. टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो, तेव्हा तो टिकलीच्या रंगाने नव्हे तर बऱ्याचदा मागच्या गोंदातल्या रसायनाने पडलेला असतो. आणि सर्वांत नाट्यमय प्रकार जोडीदाराचा. डाय लावतात यजमान, पुरळ उठतं बाईंना. उशी एकच असते. लग्नाच्या नात्यावरून या प्रकाराला वैद्यकात स्वतंत्र नावही आहे. संसारात एकमेकांचं सोसावं लागतं हे सांगणाऱ्या विहिणींना याची कल्पना नसावी.

या क्षेत्रात दरवर्षी एक सन्मानही जाहीर होतो. अमेरिकेतली संपर्क-त्वचारोगतज्ज्ञांची संस्था 'वर्षाचा ॲलर्जीकारक' निवडते. २००१ चा मान सोन्याला मिळाला. सराफ कट्ट्यावर त्याचा सत्कार झाल्याची नोंद नाही. २००६ मध्ये पीपीडीची वर्णी लागली, २००७ मध्ये सुगंधाची. २०१३ मध्ये मिथिलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक निवडलं गेलं, ज्याचं नाव सूत्रसंचालकांना एका दमात वाचता आलं तर तोच खरा सन्मान. आणि २०१९ मध्ये गंमत झाली. ज्या पॅराबेनच्या नावाने गेली कित्येक वर्षं बोटं मोडली जात होती, 'पॅराबेनमुक्त' असं छापून बाटल्या विकल्या जात होत्या, त्याला संस्थेने 'वर्षाचा बिनॲलर्जीकारक' जाहीर केलं. तपासण्यांत ते सर्वांत कमी त्रास देणाऱ्या परिरक्षकांपैकी निघालं होतं. त्याच्या जागी काही उत्पादनांत जी परिरक्षकं आली, त्यांतलं एक म्हणजे २०१३ चे सन्मानमूर्ती.

डब्यावरचे शब्द वाचून सावध व्हावं, तर तिथेही पंचाईत आहे. 'हायपोॲलर्जेनिक' हा शब्द वापरायचा तर तसा पुरावा द्या, असा नियम अमेरिकी औषध खात्याने १९७५ मध्ये केला. ॲल्मे आणि क्लिनीक या कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये तो नियम रद्द झाला. तेव्हापासून त्या शब्दाचा अर्थ तिथे छापणारा ठरवतो. 'त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले' या ओळीत तपासलं एवढंच सांगितलेलं असतं. निकाल काय लागला ते गुलदस्त्यात राहतं.

तरी कुणी मनावर घेतलंच, तर साधी रीत अशी: नवं क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला, पाच-सहा सेंटिमीटरच्या चौकोनात, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावत राहायचं. अंगावर तसंच राहणाऱ्या वस्तूंसाठी ही रीत चांगली. साबण किंवा शाम्पू मात्र पट्टीखाली झाकून ठेवायचा नाही. त्याने कुणाचीही कातडी लाल होईल आणि शाम्पूवर नाहक आळ येईल. डायने एकदा सूज आली असेल, तर कानामागेही पुन्हा प्रयोग करायचा नाही, सरळ डॉक्टर गाठायचे. आणि नवरीने हळदीच्या आठवड्यात नवं काही तोंडाला लावायचं नाही. मेंदीवाली 'लवकर चढते' म्हणून काळी मेंदी पुढे करेल, तिला नाही म्हणायचं. मेंदीच्या पानाचा रंग नारिंगी ते तपकिरी उतरतो. तासाभरात चढणारा काळाभोर रंग बहुधा पीपीडीचा असतो.

तपासणी संपल्यावर दवाखान्यातून एक कागद मिळतो. त्यावर टाळायच्या रसायनांची नावं असतात, आणि एकेका रसायनाची चार-चार टोपणनावं. कुठलीही वस्तू घेताना तिच्या डब्यामागची यादी या कागदाशी ताडून बघायची. आमचे वरपिता तो कागद घेऊन चौकातल्या कॉस्मेटिक्सच्या दुकानात गेले. दुकानदाराने चष्मा वर करून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी नावं वाचली, मागे वळून फळीवर नजर फिरवली, आणि म्हणाला, "काका, हे सगळं एकाच डब्यात हवं असेल, तर जरा भारीतलं घ्यावं लागेल."